कानबाबाचा कान

सकाळचे नऊ वाजायचे होते, तरी फर्निचरच्या जुन्या गोदामाबाहेरची रांग कोपऱ्यावरच्या चावीवाल्याच्या टपरीला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरली होती. रांगेत काठ्या होत्या, चाकाच्या खुर्च्या होत्या, रजा टाकून आलेले कारकून होते आणि कालच रडून झालेले पण आज पुन्हा रडायच्या तयारीने आलेले चेहरे होते. गोदामातले सोफे कधीच गेले होते. आता आत पांढरे पडदे, पांढऱ्या चादरी आणि दारावर पाटी – 'श्रवणगृह'.

"फोन बाहेर, चपला बाहेर, शंका बाहेर!" दारातला स्वयंसेवक ओरडत होता. प्रत्येकाचा फोन बंद करून कापडी पिशवीत जात होता आणि पिशवीला नंबर लागत होता.

"बघितलंस?" ताईने धाकट्या बहिणीचा दंड दाबला. "फोनसुद्धा आत नेऊ देत नाहीत. मग बनवाबनवी करणार तरी कशाने?"

धाकटी पिशव्यांवरचे नंबर बघत होती. ती तंत्रशाळेत संगणक शिकवायची आणि गावात तिला सगळे 'बाई' म्हणायचे. आपण मात्र तिला मावशी म्हणू, कारण ज्याच्यामुळे ही गोष्ट घडली तो तिला तीच हाक मारायचा. तो म्हणजे ताईचा एकुलता एक मुलगा. काम करताना सतत गुणगुणायचा म्हणून घरात त्याचं नाव पडलं होतं भुंगा. रक्ताच्या आजाराने त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेवीस वर्षांचा होता.

आत बाबा आले. भक्त त्यांना 'श्रुतीदेव' म्हणत, टवाळ लोक 'कानबाबा'. देखणा, पन्नाशीचा माणूस. केस कानांवरून खांद्यापर्यंत आणि उजवा हात सदा कानामागे, लांबची हाक ऐकताना आपण धरतो तसा.

"माझ्याकडे यंत्र नाही, तंत्र नाही, मंत्र नाही," बाबांनी बाह्या सारून दाखवल्या. "फक्त कान आहे. कान तुम्हालाही दोन दिलेत, मला ऐकायचे दिलेत एवढाच फरक. अहो, विज्ञानच सांगतं, ऊर्जा नष्ट होत नाही! मग आईने मारलेली हाक कुठे जाईल? फिरते! पृथ्वीभोवती सेकंदाला सात वेळा फिरते!"

"तो प्रकाश," मावशी पुटपुटली. "हाकेला एका फेरीला सव्वा दिवस लागेल. तीही वाटेतच विरेल."

"श्श!" मागून कुणीतरी दटावलं.

बाबांनी डोळे मिटले आणि पहिल्या रांगेतल्या बस चालवणाऱ्या काकांकडे बोट केलं. "तुझी बायको आलीय. ती म्हणते, तू देवाची माफी मागू नकोस. माझी मागितलीस ती पोचली. त्या दिवशी तू फोन उचलला नाहीस, कारण तू गाडी चालवत होतास. ती रागावलेली नाही."

काका आडदांड माणूस. पण दोन्ही हातांनी तोंड झाकून ते असे हुंदके देऊ लागले की शेजारच्याने त्यांना धरून ठेवलं. "हे कुणालाच ठाऊक नव्हतं," ते एवढंच म्हणत राहिले. "मुलांनासुद्धा नाही."

मग ताईची पाळी आली.

"आई म्हणून हाक मारतोय कुणीतरी. गुणगुणतोय. तो म्हणतो, निळा स्वेटर उसवू नकोस."

ताईने मावशीचा हात पकडला. मावशीही चपापली. ती शंकेखोर होती, पण दगडाची नव्हती. अशा बुवांच्या युक्त्या तिला पाठ होत्या. रांगेत माणसं पेरून माहिती काढायची, मोघम बोलायचं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून नेम साधायचा. पण निळा स्वेटर उसवायचा विचार ताईने तिलाही सांगितला नव्हता.

"बाबा," ताईने हात जोडले, "डोळ्यांचं काय करू ते विचारा ना त्याला."

बाबांनी हात कानामागे आणखी घट्ट धरला. बराच वेळ गेला. "तो म्हणतो, आई, डोळ्याला लोखंड लावू देऊ नकोस. मी इथून तुझ्याच डोळ्यांनी जग बघतोय. ते कापलेस तर मला अंधार होईल."

सभागृहभर 'आहा' उमटलं. ताईने पदराने डोळे पुसले आणि हसली. दीड वर्षात मावशीने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मावशी घाबरली ती त्या हसण्यामुळेच.

ताईला काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "गेलेली नजर मी परत आणू शकत नाही. आहे ती राखू शकतो, पण वेळेत आलात तर." डाव्या डोळ्याची कड आधीच गेली होती. शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या गुरुवारची होती.

"मी जाणार नाही," घरी आल्यावर ताईने चहा ठेवता ठेवता सांगून टाकलं.

"ताई, वेडी झालीस का? आंधळी होशील!"

"झाले तर झाले. तो सांगतोय ना नको म्हणून."

"तो नाही सांगत, तो सोंगाड्या सांगतोय! त्याला तुझी भीती कळली आणि तुला ऐकायचं होतं तेच त्याने ऐकवलं."

"कळली कुठून?" ताईने गॅस बंद केला. "स्वेटरचं कुठून कळलं? मी कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. फक्त त्याला लिहिलं होतं."

"कुणाला?"

ताई ओशाळली. मग तिने फोन पुढे केला.

फोनवर जे होतं ते मावशीला माहीत नव्हतं. ताई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. तळघरात, चादरी आणि गाऊन धुणाऱ्या अवाढव्य यंत्रांच्या घरघरीत. भुंगा त्याच इस्पितळात चौथ्या मजल्यावर आठ महिने पडून होता. खाली फोनवर बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून दोघं एकमेकांना लिहायची. पण फोनवरची बारीक अक्षरं ताईला दिसायची नाहीत. तेव्हा त्याने खाटेवर बसून, हाताला सुई लावलेली असताना, आईसाठी एक कीबोर्ड तयार केला. अक्षरं मोठी, काळ्यावर पिवळी. अर्धा शब्द लिहिला की पुढचा तोच सुचवणार. आणि तयार झाल्यावर तो त्याने सगळ्या जगासाठी मोकळा ठेवला. कुणीही फुकट घ्या, त्याची घडण, म्हणजे आतला कोड, उघडून बघा, हवा तसा बदला. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या फोनवर तोच होता. एवढं मावशीला ठाऊक होतं. तिनेच त्याला हे सगळं शिकवलं होतं.

तिला ठाऊक नव्हतं ते हे, की तो गेल्यावरही ताईने लिहायचं थांबवलं नव्हतं. त्याचा फोन कपाटात बंद पडलेला, आणि त्या नंबरावर रोजचे निरोप. 'आज तिसरं मशीन बिघडलं.' 'तुझा निळा स्वेटर उसवून लोकर मोकळी करावी म्हणते, पण हात होत नाही.' 'डोळे कापायचे म्हणतात. भीती वाटते रे. काय करू?' प्रत्येकाखाली एकच बारीक खूण. गेलं, पण पोचलं नाही.

"हे फक्त त्याने वाचलंय," ताई म्हणाली. "दुसरं कोण वाचणार? मग बाबांच्या कानात तोच बोलला असणार ना?"

या प्रश्नात तसं पाहिलं तर काही चूक नव्हती. मावशी त्या कीबोर्डकडे बघत राहिली. तीच पिवळी अक्षरं. पण खालच्या कोपऱ्यात एक चिमुकला कान काढलेला होता.

"हा कान कधी आला?"

"तो? श्रवणगृहातल्या नाव नोंदणाऱ्या मुलीने टाकून दिला. म्हणाली, काकू, तुमचा जुना झालाय, काढून नवीन देते. गोड मुलगी आहे. सगळ्यांनाच देते."

मावशीने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठलं ॲप किती इंटरनेट वापरतं ते पाहिलं. भुंग्याच्या कीबोर्डला इंटरनेट लागतच नसे. तो मुद्दाम तसा केलेला होता. आणि या कीबोर्डने महिन्याभरात नऊ एमबी बाहेर पाठवले होते. चित्र नाही, गाणं नाही, नुसती अक्षरं.

"ताई, हा फोन मला रविवारपर्यंत दे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

रविवारी दुपारी तंत्रशाळेत चिटपाखरू नव्हतं. मावशीने प्रयोगशाळा उघडली, पंखा लावला, आणि दीड वर्ष टाळलेली गोष्ट केली. भुंग्याने आपलं काम ज्या सार्वजनिक जागी ठेवलं होतं ती जागा उघडली. तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्याने शेवटच्या महिन्यात तिच्या हवाली केली होती. "मावशी, तू बघशील ना याच्याकडे? कधीमधी बघावं लागतं." ती हो म्हणाली होती. आणि एकदाही बघितलं नव्हतं. पानाच्या माथ्यावर त्याचं नाव होतं, शेजारी केस गळायच्या आधीचा फोटो होता. तो बघायची तिची छाती झाली नव्हती.

पानावर अनोळखी लोकांची एकेचाळीस पत्रं न वाचलेली पडली होती. कुणी आभार मानले होते. कुणी चूक दाखवून दिली होती. आणि आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या कुणा विद्यार्थ्याने लिहिलं होतं:

'माझ्या आजीच्या फोनवर तुमच्या कीबोर्डची नक्कल सापडली. त्यात कुणीतरी भर घातली आहे. आजी जे जे टाइप करते ते एका अनोळखी ठिकाणी जातं. मी दोन्हींतला फरक सोबत जोडला आहे. कृपया लोकांना सावध करा.'

दोन आठवड्यांनी त्याचंच दुसरं पत्र. 'इथे कुणी आहे का?'

त्यानंतर काही नाही.

मावशीने चष्मा काढून बाकावर ठेवला आणि डोकं हातांवर टेकून रडली. भुंग्यासाठी ती इस्पितळात रडली होती, स्मशानात रडली होती. हे रडणं निराळं होतं. यात लाज होती. आठ महिने एक पोरगा दार वाजवत होता, आत कुणी आहे का विचारत होता, आणि दाराची किल्ली घेऊन ही तोंड फिरवून बसली होती.

मग तिने चष्मा लावला आणि कामाला लागली. ताईच्या फोनवरचं ॲप उकलून भुंग्याच्या मूळ घडणीशेजारी ठेवलं. जवळजवळ सगळं तेच होतं. आडव्यातिडव्या ओळींमध्ये त्याने स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा मूळ घडणीत तशाच होत्या. 'इथे आईचा अंगठा नेहमी चुकतो, बटण मोठं कर.' 'इंटरनेट मागायचं नाही. आईचं बोलणं आईचं.' आणि नकलेत नेमकी तिथेच चाळीसेक ओळींची भर होती. उमटलेलं प्रत्येक अक्षर उचलायचं, साठवायचं, पाच मिनिटांनी पाठवून द्यायचं.

ताईला सांगणं हे त्याहून अवघड होतं. मावशीने सोप्यात सोपं करून सांगितलं. "तू निरोप लिहितेस तेव्हा बोट आणि पडदा यांच्यामध्ये कीबोर्ड असतो. प्रत्येक अक्षर त्याच्या हातून जातं. पाकिटाला कितीही मोहोर लाव, लिहितानाच कुणी खांद्यावरून वाचत असेल तर मोहोर काय कामाची?"

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "म्हणजे तो वाचत नव्हता?"

मावशीने फोन तिच्या हातात परत दिला.

"एकदाही नाही?"

"ताई..."

"तुला पुरावे हवे असतात," ताई उठून उभी राहिली. "लहानपणापासून. मला पुरावा नको होता गं. मला माझं पोर हवं होतं, आणि आठवड्यातून एकदा मला ते मिळत होतं. तू का आलीस हे घेऊन?"

तिने दार लावून घेतलं. चार दिवस ती बोलली नाही. गुरुवारची शस्त्रक्रियेची तारीखही हुकली. त्याच संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी ताई प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. कामावरून थेट आली असावी, अंगाला साबणाचा वास येत होता.

"खरं की खोटं, कसं कळेल?" तिने विचारलं. "तुझं ते ओळी-बिळी नको दाखवू. मला कळेल असं सांग."

मावशीने तिला खुर्ची दिली. "त्याला काहीतरी खोटं लिही. असं खोटं, की भुंग्याला ते खोटं आहे हे लगेच कळेल आणि परक्याला कळणार नाही. आणि कुणालाही सांगू नकोस. मलासुद्धा नाही."

"मी त्याच्याशी कधी खोटं बोलले नाही," ताई म्हणाली. "तो विचारायचा, आई, मी बरा होईन का, तेव्हासुद्धा मी माहीत नाही म्हणायचे."

"माहीत आहे."

ताई फोन घेऊन खिडकीपाशी गेली. पाठमोरी उभी राहून तिने बराच वेळ काही लिहिलं. अंगठा दोनदा थांबला. मग फोन पदरात गुंडाळून ती निघून गेली.

शनिवारी श्रवणगृह खचाखच भरलं होतं. फोन बाहेर, चपला बाहेर, शंका बाहेर. बाबांनी ऊर्जा फिरवली, लहरी सोडल्या, तीन-चार जणांना रडवलं. मग डोळे मिटून हात कानामागे नेला.

"गुणगुणणारा आलाय. आई कुठेय?"

"इथे," ताई उभी राहिली.

"तो फार खूश आहे आज. तो म्हणतो, छोटीला सांग, पहिल्या पगारातून माझा फोटो मोठा करून आणू नकोस. स्वतःसाठी काहीतरी घे. म्हणतो, माझी बहीण एवढी मोठी झाली आणि मी बघायला नाही."

लोकांनी उसासे टाकले. एक बाई मुसमुसू लागली. ताई उभीच होती. तिचा चेहरा बघून मावशीला कळलं, आणि क्षणभर तिला वाटलं की आपण चुकीचे ठरलो असतो तर किती बरं झालं असतं.

"कोण छोटी?" ताईने विचारलं.

"तुझी मुलगी, माई. त्याची धाकटी बहीण."

"मला एकच मूल झालं, बाबा."

आवाज हळू होता, पण सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"मला मुलगी नाही. कधीच नव्हती. गुरुवारी मी फोनवर खोटं लिहिलं, छोटी पहिल्या पगारातून तुझा फोटो आणणार आहे म्हणून. माझ्या मुलाला ते वाचून हसू आलं असतं. तो म्हणाला असता, आई, कोण छोटी?" तिचा आवाज फाटला. "तो मेला असला तरी हे विसरला नसता."

बाबांचा हात क्षणभर कानावरून ढळला. पण असली माणसं पडली तरी नाक वर. "मागच्या जन्मीची बहीण, माई! आत्म्याला जन्माच्या भिंती नसतात! आज लहरींत अडथळा आहे, शंकेखोर मंडळी आत आली आहेत..."

"मागच्या जन्मीच्या बहिणीला या जन्मीचा पगार?" बसवाले काका उठले. ते हसत नव्हते. ते दोन ढांगांत मंचावर चढले आणि त्यांनी बाबांचे खांद्यावरचे केस बाजूला केले. उजव्या कानात, हात नेहमी जिथे असे तिथे, वाटाण्याएवढं कातडीच्या रंगाचं काहीतरी बसवलेलं होतं. काकांनी ते काढून तळहातावर धरलं. त्यातून बारीक, घाबरा आवाज येत होता, "बाबा, निघा. मागच्या दाराने निघा."

गर्दी फोन घ्यायला बाहेर धावली आणि त्या गोंधळात बाबा निसटले. मावशीने चावीवाल्याच्या टपरीच्या फळीवर आपला लॅपटॉप मांडला. "ज्यांच्या कीबोर्डवर कान आहे त्यांनी या. फक्त माझ्या इंटरनेटवर जोडा आणि काहीही लिहा. पाठवू नका."

काकांनी लिहिलं, 'आज फार थकलो.' पाच मिनिटं सगळे उभे राहिले. मग लॅपटॉपच्या पडद्यावर, पत्त्यासकट, नंबरासकट अक्षरं उमटली: आज फार थकलो. चोर इतके निर्धास्त होते की चोरलेला माल झाकून न्यायचेही कष्ट त्यांनी घेतले नव्हते.

"हे मी कुणालाही पाठवलं नव्हतं," काका म्हणाले.

"नाही ना? तरी निघालं. रोज निघत होतं. त्यांच्या माणसाने ते आत कुठेतरी बसून वाचलं, यांच्या कानात सांगितलं, आणि यांनी तुमच्याच मनातलं तुम्हाला दैवी म्हणून परत विकलं. तुमचे फोन बाहेर ठेवून घेतले ते उगाच नाही. फोनचा संशय येऊ नये म्हणून."

नाव नोंदणारी मुलगी पिशव्यांच्या ढिगापाशी पांढरीफटक पडून उभी होती. "मी माझ्या हाताने दोनशे जणांना टाकून दिला," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं, म्हाताऱ्यांना मोठी अक्षरं लागतात. माझ्या आजोबांनाही दिला." तिला कुणी काही बोललं नाही.

पण एक दुकानदार उसळला. "म्हणजे मूळ दोष तुमच्या भाच्याचा, बाई! सगळं उघड्यावर ठेवलं कशाला? कुलूपबंद ठेवलं असतं तर चोराला हे सुचलंच नसतं."

गर्दीत माना डोलल्या. मावशीने लॅपटॉप मिटला.

"त्याने आपली कृती उघडी ठेवली," ती म्हणाली, "म्हणूनच दूरच्या एका पोराला दोन्ही शेजारी ठेवून सांगता आलं, की इथे विष कालवलंय. कुलूपबंद असतं तर आत काय कालवलंय ते आपल्याला कधी कळलंच नसतं, फक्त विश्वास ठेवावा लागला असता. जसा आपण बाबांवर ठेवला. पण नुसतं उघडं असून भागत नाही. कुणीतरी बघावं लागतं. बघायचं काम माझं होतं. त्या पोराने आठ महिन्यांपूर्वी लिहिलेलं पत्र मी गेल्या रविवारी वाचलं. दोष शोधत असाल तर तो इथे उभा आहे."

ताईने पुढे होऊन तिचा हात धरला. सहा दिवसांनी पहिल्यांदा.

पोलिसांना गोदामाच्या माळ्यावर दोन खुर्च्या, चार पडदे, एक माइक आणि अर्धवट प्यालेला चहा सापडला. पडद्यावर गावातल्या माणसांच्या याद्या होत्या. नावांपुढे रकाने: 'भीती', 'अपराध', 'एकटे'. बाबा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या बसस्थानकावर केस कापलेल्या अवस्थेत सापडला. वरचे दोघे अजून सापडलेले नाहीत, आणि त्यांनी जे नेलं ते कुठे आहे हेही कुणाला ठाऊक नाही. ज्यांना मधल्या काळात शंका आली होती तीही माणसं गप्प का बसली, ते त्या याद्या बघून मावशीला उमगलं. आपण काय काय टाइप केलंय हे ज्याचं त्याला ठाऊक होतं, आणि ते बाहेर फुटायला नको होतं.

शस्त्रक्रियेची नवी तारीख मिळायला दोन महिने गेले. उजवा डोळा वाचला. डाव्या डोळ्याची बरीच नजर तोवर गेली होती. डॉक्टर म्हणाले तसं, ती परत आली नाही.

मावशीने भुंग्याच्या पानावर जाऊन त्या विद्यार्थ्याला उत्तर लिहिलं: 'हो, आहे. उशीर झाला, माफ करा.' मग तिने गल्लोगल्ली फिरून फोन तपासले, कानाचा कीबोर्ड काढून मूळचा घातला. प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं. अनोळखी लिंकवरून काही घेऊ नका. जे ॲप कामापेक्षा जास्त मागतं त्याला का म्हणून विचारा. कीबोर्डला इंटरनेट कशाला, बॅटरीला तुमचे नातेवाईक कशाला? समजत नसेल तर लाजू नका, समजणाऱ्याला विचारा. आणि समजणाऱ्यांनी, दुःखात असलो तरी, दार उघडं ठेवावं.

ताईच्या फोनवर मूळ कीबोर्ड घातला त्या दिवशी ताईने विचारलं, "आता मी लिहिलेलं कुणीच वाचत नाही ना?"

"नाही, ताई. कुणीच नाही."

"कुणीच नाही," ताई म्हणाली. तिने पिवळ्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "बरं. मग लिहीन मी."

महिन्याभराने मावशी डोळ्यांचे थेंब द्यायला धुलाईघरात गेली, तेव्हा ताईपाशी एक बाई उभी होती. नवी लागलेली, चादरींच्या घड्या घालणारी. तिचा नवरा नुकताच गेला होता. शेजारच्या गावात आरशात मेलेली माणसं दाखवणारी कुणी एक आली होती, तिच्याकडे ती निघाली होती. ताई तिला अडवेल, सगळी हकिकत सांगेल असं मावशीला वाटलं.

ताईने हातातली चादर खाली ठेवली. "जा," ती म्हणाली. "मीही गेले होते. पण जाण्याआधी एक कर. तिला तुझ्या नवऱ्याबद्दल एक खोटं सांग. जे त्याला खोटं म्हणून ओळखता येईल असं. तो खरंच तिथे असेल तर ओळखेल."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर माझ्याकडे ये," ताई म्हणाली. "मी काही सांगणार नाही. नुसती तुझ्याजवळ बसेन."